हद्दीचं गवत

थोरल्याने आणि धाकट्याने एकमेकांशी बोलणं टाकलं ते एका काठीवरून. काठी काही चंदनाची नव्हती. मनगटाएवढी जाड, खाडीच्या चिखलात रोवलेली, टोकाला फाटक्या जाळ्याचा तुकडा बांधलेली साधी काठी. तिच्या अलीकडचा चिखल थोरल्याचा आणि पलीकडचा धाकट्याचा, असं वडिलांनी जाण्याआधी ठरवून दिलं होतं. ओहोटीला पाणी मागे सरलं की तो चिखल उघडा पडायचा आणि त्याच्या पोटात शिंपल्या असायच्या. दोघे भाऊ बांधाच्या डागडुजीला जात, होड्यांना डांबर लावत, मिळेल ते काम करत. पण दोन्ही घरांतली चूल पेटायची ती बायकांनी काढलेल्या शिंपल्यांवर, आणि हे भावांना माहीत असूनही ते कधी तोंडाने म्हणत नसत.

वडिलांनी वाटणी मोठी चोख केली होती. घरात मधोमध भिंत घातली. भांडी वाटली, जाळी वाटली, कोंबड्यासुद्धा वाटल्या. फळी तेवढी एकच होती, ती वाटता येईना. फळी म्हणजे पुढून वर वळलेला गुळगुळीत लाकडी पाट. त्यावर एक गुडघा टेकायचा, पुढे टोपली ठेवायची आणि दुसऱ्या पायाने चिखल मागे रेटत घसरत जायचं. काठाजवळ चालता यायचं, पण फळीशिवाय पार आत पाऊल टाकणारा कमरेपर्यंत खाली जाणार, हे ठरलेलं. म्हणून फळी एक दिवस थोरल्याकडे, एक दिवस धाकट्याकडे, असं ठरलं.

ज्या दिवशी फळी आपली, त्या दिवशी थोरला बायकोबरोबर जायचा, काठीकडे डोळे बारीक करून बघायचा आणि म्हणायचा, "सरकवली बघ त्याने." मग काठी उपटून हातभर पलीकडे रोवायचा. दुसऱ्या दिवशी धाकटा यायचा, तोही डोळे बारीक करायचा, आणि काठी हातभर अलीकडे यायची. अशी ती काठी कित्येक वर्षं रोज चालत होती आणि जागच्या जागी होती. दोघांनाही आपण न्याय करतोय असं वाटायचं, आणि घरात शांतता होती.

मग एकदा धाकट्याच्या बायकोला, धाकटीला, ताप आला. त्यांचा फळीचा दिवस हुकला. थोरल्याने लागोपाठ दोनदा न्याय केला, आणि ती बरी झाल्यावर धाकटा चिखलात गेला तर काठी दोन हात आत आलेली. झालं. त्या संध्याकाळी सामाईक ओट्यावर असा काही गोंधळ झाला, की भिंतीपलीकडच्या कोंबड्या इकडे आल्या आणि इकडच्या तिकडे गेल्या. त्यानंतर बोलणं बंद.

बंद म्हणजे दोघे भाऊ समोरासमोर बसूनही आईच्या मार्फत बोलायचे. ओटा वाटला नव्हता, कारण त्यावर आई, म्हणजे दोघी जावांच्या सासूबाई, बसायच्या आणि त्यांना वाटायची कोणाची हिंमत नव्हती.

"आई, त्याला सांग, त्याचा शिडीचा पाय माझ्या बाजूला आलाय."

"आई, त्याला सांग, शिडीला पाय असतात, डोळे नसतात."

सासूबाई सुपातलं निवडत बसलेल्या असायच्या. "मी काय टपालखातं उघडलंय? ऐकलंय त्याने. आणि तूही ऐकलंयस."

थोरलीला या सगळ्याचा वैताग यायचा, पण तिचा खरा जीव तुटायचा तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. लग्न होऊन आली तेव्हा तिला चिखलात उभंही राहता येत नव्हतं. धाकटी आली तेव्हा तिलाही येत नव्हतं. थोरलीनेच तिला शिकवलं. शिंपल्या डोळ्यांनी शोधायच्या नसतात, टाचेने शोधायच्या. मागे मागे चालायचं, टाच हळूच दाबायची, गुळगुळीत कठीण काही लागलं की वाकायचं आणि हात कोपरापर्यंत घालायचा. दोघी पाठीला पाठ लावून चालायला सुरुवात करायच्या, दोन दिशांना जायच्या आणि पुन्हा मागे मागे येत एकमेकींवर आपटायच्या. मग ज्या हसायच्या त्या हसायच्या. काठीच्या भांडणानंतर ते बंद झालं. नवरे बोलत नाहीत तर बायकांनी कसं बोलायचं? तशी कोणी बंदी घातली नव्हती. पण एकीने तोंड फिरवलं, दुसरीने त्याचा राग धरला, आणि मग दोघींनाही ते सोडवेना.

काठीचा तंटा मिटवायची कल्पना थोरल्याला बांधावर सुचली. बांध वाहून जाऊ नये म्हणून कुठल्याशा लांबच्या देशातून आणलेलं गवत तिथे लावलं होतं. काय गवत होतं! ताठ, धारदार, बारा महिने हिरवं. खाऱ्या पाण्यात बुडलं तरी जिवंत, उन्हात तापलं तरी जिवंत. गुरं तोंड लावत नव्हती. थोरल्याने हाताने उपटून बघितलं तर हाताला चीर पडली आणि गवत तसंच.

"हे सरकवून दाखव म्हणावं," तो घरी येऊन म्हणाला आणि स्वतःवरच खूश झाला.

फळीचा दिवस आला तसा त्याने टोपलीभर ठोंब नेले आणि काठीच्या रेषेत, काठापासून पार पाण्यापर्यंत, सरळ ओळ लावली. दोरी धरून लावली. दुसऱ्या दिवशी धाकटा गेला तर त्याच्याही टोपलीत तेच ठोंब. त्यालाही बांधावर तेच सुचलं होतं. उभ्या आयुष्यात दोघा भावांचं एका गोष्टीवर एकमत झालं ते हेच, आणि तेही एकमेकांना न सांगता. थोरल्याची ओळ बघून धाकटा पेटला आणि हातभर अंतर सोडून त्याने पलीकडे आपली ओळ लावली. तीही दोरी धरून.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. चिखलात दोन हिरव्या रेघा उभ्या होत्या आणि दोघे भाऊ बांधावरून आपापल्या रेघेकडे बघायचे. थोरला तर कोणी पाहुणा आला की त्याला मुद्दाम नेऊन दाखवायचा.

दुसऱ्या वर्षी चिखलात मधेच गोल गोल झुबके दिसू लागले, ताटाएवढे. थोरला म्हणाला, "त्याचं गवत माझ्यात आलं." धाकटा आईला म्हणाला, "त्याला सांग, त्याचं गवत माझ्यात आलंय." ताटं सुपाएवढी झाली, सुपं अंगणाएवढी झाली, आणि मग एकमेकांना जाऊन मिळाली. कुठल्या पात्यावर कोणाचं नाव आहे ते कळायचा मार्ग नव्हता, पण भांडणाला त्याची गरज नव्हती.

बदल थोरलीच्या टाचेला सगळ्यात आधी कळला. पूर्वी टाच लोण्यात जावी तशी जायची. आता खाली मुळांचं जाळं लागायचं, काथ्याच्या जाड चटईसारखं. त्याखाली काय आहे ते पायाला समजेना. गवत येणाजाणाऱ्या पाण्यातला गाळ धरून ठेवायचं, गाळावर गाळ चढायचा, आणि चिखल उंच होत चालला. काही जागी तर भरतीचं पाणी पोचेनासं झालं. सगळं इतकं घट्ट झालं की फळीची गरजच उरली नाही. भिंतीला टेकवून ठेवलेल्या फळीवर एक कोंबडी अंडी उबवायला, रवणाला बसली. ओहोटीला उतरणारे लांब पायांचे पक्षी वरूनच एक घिरटी घ्यायचे आणि निघून जायचे, कारण उतरायला उघडी जागाच नव्हती. तिरके पळणारे लहान खेकडे दिसेनासे झाले. काठाजवळ पायाखाली चुरचुरणारी ठेंगणी, मांसल पानांची झुडपं असायची, तीही या गवताच्या सावलीत पिवळी पडून मेली.

आणि शिंपल्या कमी झाल्या. त्या कशा कमी होत गेल्या हे थोरलीने नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याचं उत्तर तयार होतं.

"त्या कुठे जाणार? तिकडे गेल्या."

"कुठे तिकडे?"

"त्याच्याकडे. इकडे गवत झालं, म्हणून तिकडे पळाल्या. शिंपल्या काय कमी हुशार असतात?"

"अहो, तिकडेही गवतच आहे."

"तू बघितलंयस?"

थोरलीने बघितलं नव्हतं. मधली ओळ आता डोक्याच्या वर गेली होती आणि पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. सगळ्या दुखण्याचं मूळ तिथेच होतं. कुंपणाने दोन्ही पट्टे खाल्ले, पण दोघांना एकमेकांचा खाल्लेला पट्टा दिसू दिला नाही. थोरला रोज बांधावर उभा राहून पलीकडच्या न दिसणाऱ्या शिंपल्यांवर जळायचा. धाकटा पलीकडून त्याच वेळी तेच करायचा.

थोरलीने त्यात स्वतःची भर घातली. एका संध्याकाळी ती परतत होती आणि टोपलीचा तळ जेमतेम झाकला होता. समोर ओट्यावर धाकटी भांडी घासत बसलेली. तिने टोपलीत डोकावलं असतं तर? थोरली मागे वळली, काठावर जाऊन चार मुठी गवत कापलं, टोपलीच्या तळाशी दाबून बसवलं आणि वर शिंपल्या पसरल्या. टोपली शिगोशीग भरली. ती अशा थाटात ओट्यावरून गेली की जणू टोपलीच्या भाराने मान मोडतेय. धाकटीने वरही बघितलं नाही, पण तिचा हात भांड्यावर जरा जोरात फिरला. थोरलीला बरं वाटलं आणि लगेच लाजही वाटली. पण दुसऱ्या दिवशीही तिने तेच केलं. मग ते रोजचंच झालं.

धाकटीचीही टोपली रोज शिगोशीग यायची. तिची मानही मोडायची.

बांधावर माल घ्यायला टेम्पोवाला यायचा. थोरली त्याला धाकटीच्या आधी गाठायची आणि टोपली त्याच्यासमोर उलटी करायची. आधी शिंपल्या पडायच्या, मग गवत. "कोणाला बोलायचं नाही," ती बजावायची. टेम्पोवाला गंभीर चेहऱ्याने मान हलवायचा. मग तिथून पुढे जाऊन तो तशाच गंभीर चेहऱ्याने आणखी एकीसमोर मान हलवायचा. बिचारा दोन शपथा सांभाळता सांभाळता मुका होत चालला होता.

या हंगामाला मात्र सोंग पुरेना. ऐन भरात असायला हव्या त्या दिवसांत थोरलीला ओंजळभर शिंपल्या मिळू लागल्या. टोपलीत सगळं गवतच, आणि वर ओंजळभर शिंपल्या अशा पसरायच्या की एकीला दुसरी लागू नये. एके दिवशी टेम्पोवाला म्हणाला, "वहिनी, पुढच्या आठवड्यापासून मी इकडे वळणार नाही. गवत विकायला माझ्याकडे गिऱ्हाईक नाही." त्या दिवशी तिला पहिल्यांदा भीती वाटली. खाडी सुटली तर शहरात मासळीच्या कारखान्यात बर्फात उभं राहून कोळंबी सोलायची. नवरा परस्पर चौकशीही करून आला होता. तिथे खाली फरशी असते. तिने आपल्या टाचांकडे बघितलं आणि तिला रडू आलं.

त्याच आठवड्यात पाहणीवाली आली. पोरगेलीशी बाई, डोक्यावर टोपी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, गळ्यात दुर्बीण. खाडीतल्या या गवताचा अभ्यास करायला तिला पाठवलं होतं. ती ओट्यावर आली आणि दोघा भावांना एकत्र बसवून सगळं नीट समजावून सांगितलं. हे गवत इथलं नाही. इथे त्याला खाणारं, मारणारं काही नाही. ते बियांनी पसरतं, मुळांनी पसरतं, तुटलेल्या तुकड्यानेही पसरतं. चिखलाचं कुरण करून टाकतं. आज तुमचा पट्टा गेला, उद्या वरच्या अंगाचे सगळ्यांचे जातील.

दोघांनी ऐकून घेतलं. ती गेल्यावर थोरला म्हणाला, "आई, त्याला सांग, बाई पाठवून माझी हद्द उपटायची होती तर जरा वयस्कर तरी पाठवायची."

"आई, त्याला सांग," धाकटा म्हणाला, "मीही त्याला हेच म्हणणार होतो."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला पाहणीवाली खाडीत उतरली. थोरली आपल्या बाजूला वाकली होती. तेवढ्यात गवतातून आवाज आला, "कोणी आहे का? मला वाटतं मी अडकले."

दोन ओळींच्या मधे जी हातभर जागा सुटली होती, तिथून पाणी जाऊन जाऊन खोल घळ पडली होती. सगळ्या पट्ट्यात तेवढीच जागा मऊ उरली होती, आणि पाहणीवालीने नेमका तिथेच पाय टाकला होता. मांडीपर्यंत आत गेलेली, दुर्बीण उंच धरलेली. थोरली गवत बाजूला सारत पोचली आणि तिचा एक हात धरला.

"हलू नका. हललं की आणखी खाली जाल."

"दुसरा हात धरलाय कोणीतरी," पाहणीवाली म्हणाली.

पलीकडून गवतातून एक हात आला होता. मनगटावर भाजल्याचा जुना डाग. थोरली तो डाग ओळखत होती. त्यावर तिनेच पहिला लेप लावला होता.

"कोण ओढतंय तिकडून?" पलीकडून विचारलं, जणू माहीतच नव्हतं.

"मीच."

दोघींनी आपापला हात घट्ट धरून ठेवला. मधे बाई बुडत होती.

"ताई, तुम्ही सोडा, मी काढते इकडून," धाकटी म्हणाली.

"तू सोड. माझा हात पक्का बसलाय."

"कोणीही काढा हो," पाहणीवाली म्हणाली, "मला कुठल्याही बाजूला चालेल."

दोघींनी ओढलं. दोघींनी आपापल्या बाजूला ओढलं, त्यामुळे बाई वर आली पण कुठेच गेली नाही. मग धाकटीचा पाय मुळांत अडकला, ती ओळ मोडून पुढे आली, थोरली मागे पडली आणि पाहणीवाली दोघींच्या अंगावर. एक बूट घळीतच राहिला. आणि त्या गडबडीत दोन्ही टोपल्या उलटल्या.

थोरलीच्या टोपलीतून गवत पडलं. शेजारी धाकटीच्या टोपलीतूनही गवत पडलं. दोन्हींवर चार चार शिंपल्या.

दोघींनी आधी टोपल्यांकडे बघितलं, मग एकमेकींकडे.

"किती दिवस?" थोरलीने विचारलं.

"गेल्या हंगामापासून. आणि तुम्ही?"

"त्याच्या आधीपासून."

"बघा, तिथेही तुम्हीच थोरल्या," धाकटी म्हणाली, आणि मग जे हसू फुटलं ते दोघींना आवरेना. चिखलात बसून, नाकातोंडातून पाणी येईस्तोवर हसल्या. हसता हसता धाकटी रडायला लागली. थोरलीने तिला जवळ ओढलं आणि दोघींचं हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं ते पाहणीवालीला कळेना. तिने एका पायावर उभं राहून आपला बूट शोधायला घेतला.

तिच्याकडून त्यांनी सगळं पुन्हा विचारून घेतलं. नुसतं कापून भागणार नाही, खणून मुळासकट काढावं लागेल. एका बाजूचं काढलं आणि दुसऱ्या बाजूचं ठेवलं तर सगळी मेहनत पाण्यात. काढलेलं भरतीच्या रेषेच्या वर नेऊन वाळवावं लागेल. आणि नंतर प्रत्येक ओहोटीला फिरून नवा कोंब दिसला की काढावा लागेल, दोन-तीन वर्षं तरी.

"मग शिंपल्या येतील?" धाकटीने विचारलं.

"चिखल उघडा झाला, पाणी फिरायला लागलं, तर येतात. मी तुम्हाला वचन देऊ शकत नाही. पण पुष्कळ ठिकाणी आल्यात."

आता राहिले नवरे. हद्दीला हात लावायला दोघांतला एकही तयार होणार नव्हता. जो आधी आपली ओळ उपटेल तो हरला. दोघी टोपल्या धुता धुता बराच वेळ बोलल्या, आणि घरी परतल्या तेव्हा एकमेकींकडे ढुंकूनही न बघता आपापल्या दारात शिरल्या.

थोरलीने नवऱ्याला पोटभर जेवू दिलं. मग म्हणाली, "अहो, एक सांगू का? रागवू नका. आपली ओळ मेली."

थोरल्याचा हात तोंडाशी थांबला. "माझी ओळ?"

"कधीचीच. आता उभं आहे ते सगळं भावजींचं. अलीकडचं, पलीकडचं, सगळं."

"माझं गवत मेलं?" त्याला खरंच वाईट वाटलं. "दोरी धरून लावलं होतं गं."

"त्यांच्या गवताने मारलं."

थोरला उठला. हात न धुताच त्याने कुदळ शोधायला सुरुवात केली. भिंतीपलीकडूनही त्याच सुमारास काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज आला. धाकट्याला आपली पहार सापडली असावी.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी दोन्ही मुलगे अवजारं घेऊन एकाच दिशेला निघालेले बघून सासूबाई ओट्यावरून उठल्या. "अगं थोरले, दोघांच्या हातात लोखंड आहे!"

"गवतासाठी आहे, आई."

"मग असू दे," म्हणून त्या पुन्हा बसल्या.

स्वतःचं गवत उपटायला जे भाऊ जन्मात तयार झाले नसते, ते दुसऱ्याचं गवत उपटायला असे भिडले की बांधावर लोक बघायला थांबले. अलीकडून थोरला, पलीकडून धाकटा. पात्यांनी हात कापले, कापलेल्या जागी खारं पाणी झोंबलं, कंबर मोडून आली, पण एक थांबला तर दुसऱ्याच्या कुदळीचा आवाज यायचा आणि तो पुन्हा सुरू व्हायचा. काढलेल्या गवताचे बांधावर दोन ढीग उभे राहिले. संध्याकाळी दोघेही आईला आपला ढीग मोठा आहे ते दाखवायला घेऊन जायचे. खणलेला चिखल पुन्हा मऊ झाला, आणि थोरलीने फळीवरच्या कोंबडीला उठवलं. फळी एकीने ओढायची, दुसरीने तिच्यावर गवत भरायचं. पाळी कोणाची, हे कोणी विचारलं नाही.

असे कितीतरी दिवस गेले. मधला पडदा विरळ होत गेला आणि एका दुपारी शेवटचा मोठा ठोंब राहिला. थोरल्याने मुळाचा दोरखंडासारखा एक फाटा दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. येईना. कारण पलीकडचं टोक धाकट्याच्या हातात होतं.

"सोड," थोरला म्हणाला.

"तू सोड."

आई तिथे नव्हती. दोघेही मधला माणूस न घेता बोलले होते, पण ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"हे तुझं गवत आहे, मी काढणार," थोरला ओरडला.

"माझं? माझी ओळ तर कधीच मेली. हे तुझं आहे!"

"माझी मेली! तुझ्याने मेली!"

"कोण म्हणालं?"

दोघे थांबले. दोघांनीही हळूहळू मान वळवली. फळीजवळ दोन्ही जावा एकदम खाली वाकल्या आणि चिखलात काहीतरी फार महत्त्वाचं शोधू लागल्या. धाकटीचे खांदे हलत होते.

"खोटं बोललीस?" थोरल्याने विचारलं.

थोरली सरळ झाली. तिला वाटलं होतं हसू येईल, पण आलं नाही. "हो, बोलले. आणि रोज बोलत होते. याच टोपलीत. वर शिंपल्या, खाली गवत. तुम्हाला, जावेला, सगळ्या जगाला दाखवायला मान मोडून आणत होते. इथे तुमचं काही उरलं नाही आणि त्यांचंही काही उरलं नाही. मला बर्फात उभं राहून कोळंबी सोलायची नाही. मला हा चिखल हवाय. कोणाचाही असू दे, पण चिखल असू दे."

धाकट्याने आपल्या बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली.

थोरला बराच वेळ पलीकडच्या पट्ट्याकडे बघत राहिला. त्याला आता सगळं दिसत होतं. इकडच्यासारखंच वैराण, खणलेलं, मुळांच्या गुंत्यांनी भरलेलं. बायको खोटं बोलली याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. त्याला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा.

"म्हणजे तुझ्याकडेही नव्हत्या?" त्याने भावाला विचारलं.

"कुठल्या असायला? मला वाटलं तुझ्याकडे आहेत."

"मी रोज जळत होतो रे."

"मीही, दादा."

खाडीच्या तोंडाशी पाणी चमकायला लागलं होतं. भरती लागली होती आणि उभं राहून चालणार नव्हतं. धाकट्याने मूळ पुन्हा हाताला गुंडाळलं. थोरला ओळ ओलांडून त्याच्या बाजूला गेला, मागून तोच फाटा धरला, आणि दोघांनी एकाच दिशेला ओढलं. ठोंब असा सुटला की दोघेही पाठीवर पडले आणि थोरल्याच्या तोंडात चिखल गेला. तो थुंकत म्हणाला, "तुझ्या बाजूचा जास्त खारट आहे."

त्यांची मैत्री झाली असं समजू नये. हद्द कुठे होती हे आता कोणालाच सांगता येत नव्हतं आणि त्यावर ओट्यावर रोज थेट भांडण व्हायचं. सासूबाईंना उलट गोंगाट वाढल्यासारखं वाटायचं. दर ओहोटीला दोघे भाऊ नवे कोंब शोधायला फिरत, आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्याच बाजूला फिरे, कारण दुसऱ्याच्या बाजूला सापडला तर मजा जास्त. त्यामुळे एकही कोंब सुटायचा नाही. पाहणीवाली म्हणाली, इतकी कडक पाहणी तिने कुठे बघितली नव्हती. पोटासाठी त्या वर्षी दोघेही ओहोटी सांभाळून लांबच्या बांधांवर कामाला गेले, आणि जावांनी कोंबड्यांची अंडी विकून दिवस काढले. दिवस वाईट होते, हे कबूल करायला हवं. मासळीच्या कारखान्याची गोष्ट घरात आणखी दोनदा निघाली, आणि दोन्ही वेळा थोरलीने ती ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आधी लांब पायांचे पक्षी उतरले. मग तिरके खेकडे दिसले. पुढच्या हंगामाच्या तोंडावर, वारा पडलेल्या एका सकाळी थोरली आणि धाकटी चिखलात उतरल्या. पाठीला पाठ लावली आणि दोन दिशांना चालू लागल्या, मागे मागे येण्यासाठी. भाऊ बांधावर उभे होते.

टाच आत गेली. लोण्यात जावी तशी गेली. थोरलीने श्वास धरला आणि एक एक पाऊल मागे टाकत राहिली. मऊ, मऊ, मऊ. आणि मग टाचेखाली काहीतरी गुळगुळीत लागलं, नखाएवढं, कठीण. त्याच्या शेजारी आणखी एक. आणखी एक. ती तिथेच थांबली. डोळे भरून आले म्हणून तिने वाकल्याचं सोंग केलं.

मागून धाकटीची पाठ येऊन तिच्या पाठीवर आपटली आणि तीही थांबली. तिच्याही टाचेला लागलं होतं.

"काय झालं?" बांधावरून थोरला ओरडला. "लागलं का काही?"

"कुठल्या बाजूला लागलं?" धाकटा ओरडला.

दोघी हद्द असायची तिथे, अगदी मधोमध उभ्या होत्या. थोरलीने टाच हलकेच उचलली आणि त्या इवल्याशा शिंपल्यांवर चिखल सारून त्यांना नीट झाकलं.

"खडा आहे," ती ओरडून म्हणाली.

"खडाच," धाकटी म्हणाली, आणि दोघी पुन्हा दोन दिशांना चालू लागल्या.